वतीने

मंजिरी साबणे सॉफ्टवेअर उतरवून घेताना जेवढी सावध होती, तेवढी ती लग्न ठरवतानाही नव्हती. लग्न मोडलं. सॉफ्टवेअर मात्र शेवटपर्यंत चोख चाललं. इतकं चोख, की तक्रार करायची म्हटली तर कुठे करावी हेच कळू नये.

रविवारची दुपार होती. खराडीतल्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर नवा लॅपटॉप उघडलेला होता, शेजारी चहा होता आणि फोनच्या स्पीकरवर फैजान मुलाणी होता. मुलाणी तिच्या कंपनीत संगणक विभाग सांभाळायचा. कंपनी पंप बनवायची आणि मंजिरी त्या कंपनीची खरेदीप्रमुख होती. 'सोबती' हे ऑफिसचं सॉफ्टवेअर त्या वर्षी सगळ्यांकडे आलं होतं. पत्रं, तक्ते, बैठकांच्या वेळा, ईमेल, फोनवरचे संदेश, सगळं त्या एकाच छताखाली. कंपनीने म्हटलं होतं, घरच्या मशीनवरही टाकून घ्या, काम अडायला नको.

"मॅडम, शोधल्यावर पहिली लिंक येते ना, तिच्यावर जाऊ नका. ती जाहिरात असते. तिथून निम्म्या लोकांनी व्हायरस घेतलाय."

"मी पत्ता हाताने टाइप केलाय."

"एकेक अक्षर बघा. 'सोबती'च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त टाकून चोरांनी चार साइट काढल्यात."

तिने एकेक अक्षर बघितलं. फाइल उतरली. मुलाणी म्हणाला, लगेच उघडू नका, आधी ठसा जुळवा. हा ठसा म्हणजे गणित करून फाइलमधून काढलेली आकड्या-अक्षरांची एक ओळ. फाइलमध्ये कोणी एक टिंबसुद्धा बदललं, तर ती ओळ पार वेगळी येते. आपल्या फाइलची ओळ आणि कंपनीने जाहीर केलेली ओळ सारखी असली, की माल अस्सल. मंजिरीने त्या दोन ओळी एकीखाली एक ठेवून बोट फिरवत वाचल्या. जुळल्या.

मग सॉफ्टवेअर बसायला लागलं आणि शेवटी परवानग्यांची खिडकी उघडली. पुरवठादाराच्या करारातला स्वल्पविरामसुद्धा न सोडणारी ही बाई. पण आता तिला चोराची भीती उरली नव्हती, आणि चोराची भीती गेली की माणूस दार सताड उघडं टाकतो. खाली एका चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली होती. समोर लिहिलं होतं, 'घरगुती संदेशांनाही माझ्या वतीने उत्तर द्यावे.'

"वाचलंत ना सगळं?" मुलाणीने विचारलं.

"वाचलं," असं म्हणून तिने 'मान्य' दाबलं आणि चहा संपवला.

यामागचं विज्ञान आता शाळेतली पोरंही सांगतात, तरी थोडक्यात सांगतो. भाषेचं यंत्र मुळात एकच काम करतं. आतापर्यंत आलेले शब्द बघून पुढे कुठला शब्द येण्याचा संभव सर्वांत जास्त आहे, ते मोजतं. सुरुवातीची यंत्रं जगभरचं लिखाण वाचून हा अंदाज बांधायची, त्यामुळे त्यांनी लिहिलेली पत्रं कुणाचीच वाटत नसत. 'सोबती'ने त्यावर आणखी एक थर चढवला. हा थर फक्त तुमच्या लिखाणाचा. आणि तोही माणसागणिक वेगळा, कारण साहेबाला लिहिणारी मंजिरी निराळी आणि मैत्रिणीला लिहिणारी निराळी. प्रत्येक नात्याचं गणित स्वतंत्र. उत्तराबद्दल यंत्राला पुरेसा भरवसा वाटला तर ते परस्पर उत्तर धाडतं, नाही वाटला तर तुम्हाला विचारतं. त्याला मन नाही आणि ते खोटंही बोलत नाही. तुम्ही बहुधा जे म्हणाल, ते ते आधीच म्हणून टाकतं.

पहिल्या आठवड्यात मंजिरी पाठवलेली उत्तरं तपासत होती. तिला एकही शब्द बदलावासा वाटला नाही. पंपाचे ओतीव भाग पुरवणाऱ्या कास्टिंगवाल्याला झापलं होतं ते तिच्याच सुरात. सोसायटीच्या चिटणिसाला गोड बोलून कटवलं होतं तेही तिच्याच सुरात. मग तिने तपासणं सोडलं. रोज संध्याकाळी 'सोबती' दिवसाचा गोषवारा द्यायचं आणि बहुतेक दिवशी त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. 'आज तुम्ही लक्ष घालावं असं काही नाही.'

हे वाक्य तिला आवडायला लागलं. ते वाचून ती टीव्ही लावायची आणि बघायची नाही. घटस्फोटानंतर सुरुवातीला तिला रात्र रात्र रडू यायचं, पुढे नुसता थकवा यायचा, आता तोही येत नव्हता. बरं आहे, असं ती लोकांना सांगायची आणि ते खरं होतं. दुखत नव्हतं, एवढ्याच अर्थाने बरं होतं.

गोषवाऱ्यात नानांची एक ओळ असायची. नाना म्हणजे तिचे वडील, मिरजेत एकटे राहणारे. अर्ध्या मिरजेला टायपिंग त्यांनी शिकवलं होतं. पत्नी गेली, क्लास बंद झाला, मग दोन्ही कान गेले. कानातलं यंत्र शिट्या मारायचं, फोनवर तर काहीच कळायचं नाही, म्हणून बाप-लेकीचं सगळं बोलणं लिहूनच चालायचं. नानांच्या संदेशात पूर्णविराम जागच्या जागी असायचा. 'नाना खुशाल आहेत. उत्तर दिलं,' असं गोषवाऱ्यात यायचं. एकदा आलं, 'नाना यांची निवासाबद्दल चौकशी. उत्तर दिलं.' ती ओळ मंजिरीने वाचली होती. मिरजेतल्या कुठल्या इमारतीबद्दल काही असेल, असं वाटून तिने बोट पुढे सरकवलं.

मे महिन्यात तिला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याची पाहणी करायला जावं लागलं. काम लवकर आटोपलं. मिरज तिथून हाकेच्या अंतरावर. न सांगता जाऊन नानांना चकित करावं, असं तिच्या मनात आलं. पुण्याहून काही आणलं नव्हतं, म्हणून वाटेत केळी घेतली.

दार एका अनोळखी बाईने उघडलं. आत टीव्हीवर कार्टून चालू होतं. नानांची आरामखुर्ची जिथे असायची तिथे आता सायकल उभी होती.

"नाना आहेत का? साबणे?"

"काका व्हय? काका गेले की ओ."

मंजिरी केळी हातात धरून उभी राहिली. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे गोषवाऱ्यात कसं आलं नाही. दुसरा विचार आला, की आपल्याला काहीच होत नाहीये. खरंच काही होत नव्हतं. दारावरची पाटी बदललेली तिने आत्ता बघितली आणि ती सावकाश वाचली.

तिचा चेहरा बघून त्या बाईने जीभ चावली. "अगं बाई, तसं न्हवं ओ! राहायला गेले. तासगाव रोडला म्हाताऱ्या माणसांचं हाय न्हवं का, तिथं. होळीच्या आधीच गेले की. तुम्ही कोण त्यांच्या?"

"मुलगी."

"पुण्याच्या?" बाईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काका म्हणाले हुते, मुलीला सगळं कळवलंय म्हणून. या की आत. पाणी तरी घ्या."

"नको," मंजिरी म्हणाली. "उशीर होतोय."

गाडीत बसून तिने नानांचे संदेश उघडले. कित्येक महिन्यांत ती त्या पानावर स्वतः गेली नव्हती. फेब्रुवारीपर्यंत वर सरकवत नेलं.

'चि. मंजू, बाथरूममध्ये पाय घसरला. लागलं नाही, पण उठायला फार वेळ गेला. हल्ली एकट्याने राहायची भीती वाटते. तुझ्याकडे राहायला येऊ का? नाही म्हणालीस तरी राग येणार नाही. नाना.'

त्याखाली तिचं उत्तर. 'बघू.'

त्याखाली नानांचं, दुसऱ्या दिवशीचं. 'बरं.'

मग पुढे थोड्या थोड्या दिवसांनी आलेले. 'तासगाव रस्त्यावरचं निवास पाहून आलो. स्वच्छ आहे.' तिचं उत्तर, 'छान.' 'घर भाड्याने दिलं. माणसं चांगली वाटतात.' तिचं उत्तर, 'बरं झालं. काळजी घ्या.' 'आज इथे आलो. खोलीला खिडकी आहे.' तिचं उत्तर, 'छान. जेवून घ्या.'

'बघू' हा शब्द परक्याला समजावून देणं कठीण. कोशात बघाल तर त्यात नकार कुठेच सापडायचा नाही. पण साबण्यांच्या घरात, आणि खरं तर आपल्यातल्या बहुतेक घरांत, 'बघू' म्हणजे नाही. मंजिरीने शाळेत असताना सायकल मागितली, नाना 'बघू' म्हणाले आणि तिने पुन्हा विषय काढला नाही. याउलट 'बघते' म्हणजे माझ्यावर सोपव, मी करते. धातू एकच. एकात दार लावून घेतलेलं असतं आणि दुसऱ्यात माणूस चपला घालून निघालेला असतो.

तिने मुलाणीला फोन लावला. "माझ्या मशीनमध्ये कोणीतरी घुसलंय."

"कशावरून, मॅडम?"

"मी न लिहिलेले संदेश गेलेत. माझ्या वडिलांना."

मुलाणीने तिची परवानगी घेऊन तिकडून तपासणी सुरू केली. ती काच वर करून बसून राहिली. तिला मनापासून वाटत होतं, की व्हायरस निघावा. चोर निघावा. ठसा जुळवताना आपली एखादी चूक झालेली निघावी. आयुष्यात पहिल्यांदा ती आपली चूक सापडावी म्हणून वाट बघत होती.

"मॅडम, सगळं स्वच्छ आहे," मुलाणी म्हणाला. "फाइल अस्सल, ठसा बरोबर, बाहेरचं कोणी आलेलं नाही. 'वतीने'चा पर्याय चालू आहे, तो तुम्हीच मान्य केलाय."

"नीट बघ, फैजान."

"दोनदा बघितलं."

"त्यांनी विचारलं, तुझ्याकडे येऊ का. आणि यंत्राने लिहिलं, 'बघू'. मी 'बघते' लिहिलं असतं."

पलीकडे जरा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज आला. "मॅडम, यंत्राने तोही शब्द विचारात घेतला होता. नोंद दिसतेय इथं. फार खाली होता."

"का?"

"राग मानू नका. वडिलांनी पूर्वी विचारलंय, दिवाळीला येतेस का. सुट्टीत येतेस का. डॉक्टरकडे जाताना बरोबर येशील का. दर वेळी तुम्ही स्वतः 'बघू' लिहिलंय, 'सोबती' यायच्या आधीसुद्धा. 'बघते' तुम्ही पुष्कळ वेळा लिहिता, पण ते सप्लायर लोकांना. वडिलांना एकदाही गेलेलं नाही."

मंजिरीने काच थोडी खाली केली.

"इन्स्टॉल करताना तुमची काहीच चूक नव्हती, मॅडम," मुलाणी समजूत घालावी तसं म्हणाला. "तुमच्याइतकं व्यवस्थित कोणी करत नाही. मी ट्रेनिंगमध्ये तुमचंच उदाहरण देतो."

तिने फोन ठेवला आणि 'वतीने' बंद केलं. यंत्राने एकदा विचारलं, खात्री आहे का. ती 'हो' म्हणाली. तेवढ्यावर काम झालं. तिला वाटलं होतं, बंद करणं अवघड असेल.

निवासाची इमारत तिला वाटली होती तशी उदास नव्हती. रंग नवा होता, अंगणात तगर फुलली होती. व्हरांड्यात चार-पाच जण खुर्च्या टाकून बसले होते. नाना कडेला बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. थोडे वाळले होते, पण दाढी गुळगुळीत केलेली आणि शर्टाला इस्त्री. तिला बघून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"अरे! तू कशी?"

"कामासाठी आले होते. कुपवाडला."

"काय?"

"कामाला आले होते!" ती मोठ्याने म्हणाली.

"हां, काम." नानांनी शेजारची खुर्ची ओढली. "बस. केळी कशाला आणलीस? इथे रोज देतात."

ती बसली. लिहून सांगावं म्हणून तिने फोन काढला आणि परत पर्समध्ये टाकला. त्यांच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "नाना, ते उत्तर मी लिहिलं नव्हतं."

"कसलं?"

"तुम्ही येऊ का विचारलं होतं, त्याचं!"

"मोठ्याने बोल."

"ते 'बघू' मी लिहिलं नव्हतं!" ती ओरडली. व्हरांड्यातल्या सगळ्या माना वळल्या. एका आजोबांनी आपल्या कानातलं यंत्र काढून हातात घेतलं. "ऑफिसचं सॉफ्टवेअर आहे, ते माझ्या वतीने लिहितं! मी वाचलंच नव्हतं!"

नानांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "ओरडू नकोस. कळलं." मग म्हणाले, "मला तेव्हा नवल वाटलं होतं. मी तो मजकूर तीन दिवस मनात घोळवत होतो आणि तुझं उत्तर आलं ते मी चष्मा काढून ठेवायच्या आत. म्हटलं, हिला विचारसुद्धा करावा लागला नाही."

"मला कळलं असतं तर मी..."

"तर काय लिहिलं असतंस?"

साधा प्रश्न होता. उत्तर तिच्याकडे तयार होतं, गाडीत तिने ते मुलाणीला ठणकावून सांगितलंही होतं. पण त्याआधी तिच्या डोळ्यांपुढे तिचा फ्लॅट आला. दुसरी खोली, तिथलं ऑफिसचं टेबल, संध्याकाळचा न बघितलेला टीव्ही, कोणाशीही न बोलता संपणारा दिवस. तिथे हे येतील. रोज जेवायच्या वेळी असं ओरडावं लागेल. एवढं सगळं मनातून जायला कितीसा वेळ लागतो? पण नानांनी आयुष्यभर टायपिंगच्या परीक्षेला घड्याळ लावलं होतं, आणि कान गेल्यापासून ते माणसाचा चेहराच वाचत होते.

"चला माझ्याकडे," ती म्हणाली. "आजच चला. सामान मागाहून नेऊ. मी बघते सगळं." शब्द बरोबर होते. आवाजही पुरेसा मोठा होता. तिला पुष्कळ दिवसांनी काहीतरी वाटलं, पण ते दुःख होतं की सुटकेची आशा होती, तिला ठरवता येईना. ते हो म्हणतील, याची तिला भीती वाटत होती. त्या भीतीची तिला लाज वाटली, आणि लाजसुद्धा दुरून कुणी सांगितल्यासारखी वाटली.

नानांनी तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. सायकल मागितली होती तेव्हासुद्धा नव्हता.

"बघू," ते म्हणाले.

तेवढ्यात घंटा झाली. खुर्च्या सरकल्या, काठ्या टेकल्या गेल्या, सगळे उठून आतल्या हॉलकडे निघाले. नानाही उठले. त्यांनी केळी उचलली आणि म्हणाले, "पाहुण्यांचं पान आदल्या दिवशी सांगावं लागतं गं. तू बस हवं तर. नाहीतर नीघ, तुला अंधार व्हायच्या आत घाट उतरायचा असेल."

"बसते," ती म्हणाली. त्यांना ऐकू आलं की नाही, कळलं नाही. ते हॉलमध्ये गेले.

ती बसली. आतून ताटं मांडल्याचा आवाज आला, मग आमटीचा वास आला. कोणीतरी काहीतरी बोललं आणि नाना हसले. हे हसणं तिच्या ओळखीचं होतं, क्लासमधल्या पोरांबरोबर ते असे हसायचे. त्यांना इथे बरं वाटत होतं. तिच्यासाठी ही आनंदाची गोष्ट होती आणि आनंद होतोय का, हे बघायला ती थोडा वेळ थांबली.

आत एका बाईंनी खणखणीत आवाजात विचारलं, "साबणे, केळी कुठून आणलीत हो?"

बहिऱ्या माणसांचा आवाज नेहमी चढा असतो. नानांचं उत्तर व्हरांड्यात स्पष्ट ऐकू आलं.

"मुलगी आली होती."